उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी ठेवावी का? दाब, झीज आणि इंधन यांचा हिशेब

खानदेशात एप्रिल लागला की पंक्चरच्या दुकानांवर एक वाक्य हमखास ऐकू येते : "ऊन वाढलंय, दोन-चार पॉइंट हवा कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल." जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, डांबर मऊ पडते, महामार्गाच्या कडेला फाटलेल्या टायरच्या चिंध्या दिसतात आणि उष्णतेने हवा प्रसरण पावते हे शाळेत शिकलेले सगळ्यांनाच आठवत असते, त्यामुळे हा सल्ला ऐकणाऱ्याला चटकन पटतो. सल्ला देणाऱ्याच्या मनात आपल्याविषयी काळजीच असते, यातही शंका नाही. तरीही तो सल्ला चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे नीट समजले, की टायर वेळेआधी का झिजतो, गाडीचे ॲव्हरेज का घसरते आणि उन्हाळ्यात टायर खरोखर कशामुळे फुटतात, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच जागी सापडतात.

मी स्वतः दोन उन्हाळे हा सल्ला पाळला. कामानिमित्त आठवड्यातून दोन-तीनदा धुळ्याहून जळगावला जाणे होत असे. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी असा तो नव्वद-पंचाण्णव किलोमीटरचा रस्ता आहे. गाडी २८ हजार किलोमीटर चालली असताना पारोळ्याजवळच्या एका दुकानात पंक्चर काढायला थांबलो. दुकानातल्या काकांनी चाक खोलले, टायरवरून उलटा हात फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, हवा कमी ठेवतस का तू?" टायर मधोमध चांगला दिसत होता, नक्षीच्या खाचा खोल होत्या; पण दोन्ही कडांना रबर जवळजवळ गुळगुळीत झाले होते. त्यांनी पट्टी घालून खोली मोजून दाखवली. मध्ये साडेचार मिलिमीटर भरली आणि कडांना जेमतेम पावणेदोन. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि १.६ मिलिमीटर उरली की कारचा टायर बाद धरतात. म्हणजे मधले निम्मे रबर शिल्लक असताना माझा टायर कडांपायी संपला होता. पुढचा सगळा हिशेब त्या दिवशी पडलेल्या प्रश्नातून सुरू झाला.

गाडीचे ओझे कोण उचलते?

गाडीचे वजन टायरचे रबर पेलते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्यातला फार मोठा वाटा आत कोंडलेली हवा पेलते. रबर आणि त्यातले धागे-तारा यांचे मुख्य काम त्या हवेला जागेवर धरून ठेवणे आणि रस्त्याला पकड देणे हे आहे. रिकाम्या टायरवर गाडी उभी केली की तो कसा चपटा होतो, ते आठवले तर हे लगेच पटेल.

हवेचा दाब आपण पीएसआयमध्ये मोजतो, म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंडांचा जोर पडतो हे पाहतो. ३२ पीएसआय म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे सव्वादोन किलो. माणसांसकट १,२०० किलोची कार धरली, तर एका चाकावर सरासरी ३०० किलो येतात. हे ओझे पेलण्यासाठी टायरचा साधारण १३३ चौरस सेंटिमीटर भाग रस्त्याला टेकावा लागतो, म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा. सगळी गाडी अशा चार तळहातांवर उभी असते. आता त्याच टायरात २६ पीएसआय हवा ठेवली तर तेवढेच ओझे पेलायला सुमारे १६४ चौरस सेंटिमीटर भाग टेकावा लागेल. टायरची रुंदी तर ठरलेली आहे. त्यामुळे टेकणारा भाग लांबीने वाढतो, आणि तो वाढण्यासाठी टायरला खालून अधिक चपटे व्हावे लागते, त्याच्या दोन्ही भिंतींना अधिक वाकावे लागते. टायरच्या स्वतःच्या ताठपणामुळे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण दिशा हीच राहते. हे अधिकचे वाकणे हेच सगळ्या दुखण्याचे मूळ आहे.

वाकण्यात काय बिघडते, हे समजायला बांधणीच्या तारेचे उदाहरण पुरेसे आहे. पक्कड नसताना तार तोडायची असली तर आपण ती एकाच जागी पुढेमागे वाकवतो. दहा-बारा वेळा वाकवल्यावर त्या जागी बोट लावले तर चटका बसतो, आणि थोड्या वेळाने तार तुटते. वाकवण्यासाठी हाताने जी शक्ती लावली तिच्यातली बरीच उष्णता होऊन गेली. रबराचेही तसेच आहे. रबर दाबले की दबते आणि सोडले की पूर्ववत होते, पण दाबताना घेतलेली सगळी शक्ती ते परत देत नाही. रबरी चेंडू हातातून सोडला तर तो पुन्हा हातापर्यंत उसळत नाही. जेवढी उंची तो हरवतो, त्यातली बहुतेक शक्ती रबराच्या आत उष्णता झालेली असते.

कारच्या चाकाचा घेर सुमारे १.८५ मीटर असतो. धुळे ते जळगाव या एका खेपेत ते चाक सुमारे ५० हजार वेळा फिरते. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग एकदा रस्त्यावर येतो, दबतो, वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. ताशी ८० किलोमीटर वेगात हे एका सेकंदात १२ वेळा घडते. हवा बरोबर असेल तर वाकणे थोडे, म्हणून उष्णता थोडी, आणि तेवढी उष्णता वाऱ्याने निघून जाते. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्यातले वाकणे वाढते आणि टायर जेवढी उष्णता बाहेर टाकू शकतो त्याहून जास्त आत तयार होऊ लागते. बाहेर हवा ४४ अंशांवर आणि रस्ता त्याहून कितीतरी तापलेला असेल, तर ही उष्णता बाहेर टाकणे आणखी कठीण होते. मग रबर आणि त्याच्या आतले धागे व तारा यांचा चिकटा सैल पडू लागतो, थर एकमेकांपासून सुटतात आणि एका क्षणी टायर फाटतो. तो फुटला असे आपण म्हणतो, पण फुग्यासारखा हवा जास्त झाल्यामुळे तो क्वचितच फुटतो. बहुतेक वेळा कमी हवा, जास्त ओझे आणि जास्त वेग या तिघांनी मिळून तो आतून शिजवलेला असतो.

उन्हाने हवा किती फुगते?

हवा तापली की दाब वाढतो हे खरेच आहे. तो किती वाढतो, हे मात्र आपण सहसा मोजून पाहत नाही. ३२ पीएसआयच्या टायरात दर १० अंशांना साधारण दीड पीएसआय वाढतो किंवा घटतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. मे महिन्यात पहाटे २८ अंश असताना ३२ हवा भरली, तर दुपारी ४४ अंशांत सावलीत उभ्या गाडीच्या टायरात ती साडेचौतीसच्या आसपास होते. गाडी तासभर पळाली आणि आतली हवा ७० अंशांपर्यंत तापली, तर काटा साडेअडतीसवर जातो. कारच्या बऱ्याच टायरांच्या भिंतीवर कमाल दाब ४४ किंवा ५१ पीएसआय असा कोरलेला असतो, म्हणजे आपण त्या मर्यादेपासून अजून दूरच असतो. शिवाय गाडी बनवणाऱ्यांनी दाराजवळच्या पट्टीवर जो आकडा छापलेला असतो, तो थंड टायरचा असतो आणि चालताना तो वाढणार हे धरूनच ठरवलेला असतो. उन्हाळ्याची सोय त्या आकड्यात आधीच आहे.

आता नेहमी घडणारा प्रसंग पाहा. दुपारी जळगावात पोचल्यावर पंपावर हवा तपासली, काट्याने ३८ दाखवले आणि "बापरे, सहा जास्त" म्हणून ती ३२ वर आणली. दुसऱ्या दिवशी पहाटे, टायर थंड झाल्यावर, त्याच टायरात हवा २६ भरेल. डिसेंबरात धुळ्यात पारा १० अंशांवर उतरतो तेव्हा तीच हवा २४ च्या खाली गेलेली असेल, आणि यात महिन्यागणिक आपोआप होणारी गळती धरलेलीच नाही. रबर दिसायला घट्ट असले तरी त्यातून हवा हळूहळू झिरपतच असते. पंक्चर नसलेल्या चांगल्या टायरातूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा जाते. म्हणून तापलेल्या टायरमधून हवा काढू नये, हा या विषयातला मी सर्वांत महत्त्वाचा नियम मानतो. दोन उन्हाळे मी नेमके हेच करत होतो.

कडा का झिजतात, मधला भाग का झिजतो?

टायरची नक्षी रस्त्यावर नुसती टेकत नाही, ती थोडी घसटतेही. गोल चाक सपाट रस्त्यावर टेकताना त्याचा टेकणारा भाग सपाट व्हावा लागतो, आणि गोलाचे सपाट होताना रबर आडवे-उभे थोडे सरकते. वळताना, ब्रेक लावताना आणि वेग घेताना हे सरकणे वाढते. रबर जिथे जास्त दाबाने टेकते आणि जास्त सरकते तिथे ते आधी झिजते. झिजेचा सारा प्रकार एवढ्याच गोष्टीवर चालतो.

हवा पुरेशी असते तेव्हा ओझे नक्षीच्या सगळ्या रुंदीवर बऱ्यापैकी सारखे पसरते. हवा कमी झाली की मधला भाग आतल्या बाजूला सैलावतो आणि भिंतींजवळच्या दोन्ही कडांवर ओझे येते, कारण भिंतींचा आधार तिथेच असतो. खाटेच्या सैल सुंभावर बसलो की मध्ये खोलगट होऊन सगळा भार कडेच्या लाकडी गातांवर येतो, तसे हे होते. त्यात टेकणारा भाग लांबल्यामुळे घसटण्याचे अंतरही वाढते. परिणामी दोन्ही कडा झपाट्याने खाल्ल्या जातात आणि मधला भाग शाबूत दिसतो. आपण वरवर पाहतो तेव्हा नजर मधल्या नक्षीवर जाते आणि टायर चांगला आहे असे वाटते. माझे असेच झाले. म्हणून टायर पाहताना पुढची चाके एका बाजूला पूर्ण वळवून आतल्या कडेवर हात फिरवून पाहावा. टायरच्या मुख्य खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. कारच्या टायरमध्ये त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा, हे सांगण्यासाठीच ते ठेवलेले असतात.

हवा जास्त असेल तर उलट घडते : टायर मधोमध फुगीर होतो आणि मधली पट्टी आधी झिजते. जुन्या पद्धतीच्या नायलॉन टायरमध्ये हे ठळकपणे दिसते. रेडियल टायरमध्ये नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असल्याने तो मधोमध सहजासहजी फुगत नाही, म्हणून हवा थोडी जास्त झाली तरी मधली झीज तितकी जाणवत नाही. तरी जास्त हवेचे तोटे आहेतच. रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो, पकड कमी होते आणि खड्ड्याचा मार टायर स्वतः न गिळता पुढे शॉक-अब्सॉर्बरवर आणि आपल्या कमरेवर टाकतो.

एकाच बाजूची कड झिजली असेल तर दोष हवेचा नसून बहुधा अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांच्या सरळ बसण्याचा असतो, आणि नक्षीवर जागोजागी खळगे पडले असतील तर बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे आहे ना ते, किंवा शॉक-अब्सॉर्बर तपासावेत. तो वेगळा विषय आहे.

ॲव्हरेजवर नेमका किती फरक पडतो?

इथे थोडे सावधपणे बोलायला हवे, कारण "हवा बरोबर ठेवा आणि पेट्रोल वाचवा" हे इतक्या ठिकाणी इतक्या मोठ्या आकड्यांसह सांगितले जाते की प्रत्यक्ष फरक अनुभवाला आला नाही, की माणसाचा त्या सल्ल्यावरून विश्वासच उडतो.

सपाट चांगल्या रस्त्यावर कार पुढे ढकलायला टायरच्या वाकण्यामुळे लागणारे बळ गाडीच्या वजनाच्या साधारण एक टक्का असते. १,२०० किलोच्या गाडीसाठी ते १२ किलोच्या ओढीएवढे झाले. शंभर किलोमीटर सतत एवढे बळ लावायला इंजिनाची नेहमीची कार्यक्षमता धरून साधारण सव्वा लिटर पेट्रोल लागते. गाडी लिटरला १८ किलोमीटर देत असेल तर शंभर किलोमीटरच्या साडेपाच लिटरांतले हे सव्वा लिटर टायर खातात; बाकीचे वारा कापण्यात, ब्रेक लावून वेग पुन्हा घेण्यात आणि इतर गोष्टींत जाते. हवा ३२ वरून २६ वर आली, म्हणजे सुमारे १९ टक्क्यांनी घटली, तर टायरचा हा वाटा दहाएक टक्क्यांनी वाढतो. एकूण इंधनात तो फरक एक-दोन टक्के भरतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा सर्वसाधारण आकडाही याला जुळतो : चारही टायरांतली सरासरी हवा एक पीएसआयने कमी झाली की ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्क्यांनी घसरते. सहा पीएसआयला १.२ टक्के.

माझ्या २८ हजार किलोमीटरना हा हिशेब लावला, तर सुमारे १,५५५ लिटर पेट्रोल लागले आणि त्यातले १८-१९ लिटर कमी हवेपायी जास्त जळाले. म्हणजे दोन हजार रुपयांच्या आत. लिटरला १८ देणारी गाडी पावणेअठराच्या किंचित वर देत राहिली. रोजच्या वापरात हा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. मात्र हवा बरोबर असती तर मधली झीज थोडी जास्त धरूनही ते टायर ४२ हजारांपर्यंत सहज गेले असते. चार टायरना मला २२ हजारांच्या आसपास खर्च आला होता. त्यातला एक तृतीयांश, म्हणजे सात हजारांहून अधिक, मी रस्त्यावर घासून टाकला. कारवाल्याने हवेकडे लक्ष द्यावे ते पेट्रोलसाठी नव्हे, आधी टायरसाठी आणि त्याहूनही आधी आपल्या जिवासाठी, असे माझे स्पष्ट मत त्या हिशेबानंतर झाले.

ट्रकची गोष्ट निराळी आहे, आणि खानदेशात ती महत्त्वाची आहे. रावेर-यावलची केळी हजाराहून अधिक किलोमीटर ओलांडून दिल्लीला जाते, कापसाच्या गाठी गुजरातेत उतरतात, आणि ही सगळी वाहतूक भर उन्हातही थांबत नाही. २५ टनांच्या भरलेल्या ट्रकला रेडियल टायरवरही केवळ टायरच्या वाकण्यासाठी सुमारे १७५ किलोची ओढ लागते. शंभर किलोमीटरला हे बारा लिटरांच्या आसपास डिझेल झाले. त्यात हवेच्या हेळसांडीने दहा टक्के वाढ झाली, तर दर शंभर किलोमीटरला सव्वा लिटर, म्हणजे दिल्लीच्या एकेरी खेपेला बारा-तेरा लिटर डिझेल जास्त. जिथे खेपेमागे हातात थोडेच उरते तिथे हा आकडा लहान नाही.

ट्रकच्या मागच्या जोडचाकांत आणखी एक पेच असतो. आतल्या आणि बाहेरच्या टायरांत हवा कमी-जास्त असेल तर त्यांचा टेकलेला घेर वेगवेगळा होतो, पण दोन्ही एकाच आसाला घट्ट बसवलेले असल्याने त्यांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. मग त्यांतला एक सतत फरफटतो आणि झिजतो. जास्त हवेचा टायर शेजाऱ्याचेही ओझे उचलतो आणि तापतो. चालक निघण्यापूर्वी लोखंडी सळईने टायर ठोकून आवाज ऐकतात. त्याने पार बसलेला टायर कळतो, पण शंभर पीएसआयच्या ठिकाणी ऐंशीच आहे हे कानाला कळत नाही. आतल्या टायरपर्यंत गेज, म्हणजे हवेचा दाब मोजायचे यंत्र, पोचवणे कटकटीचे असते हे खरे आहे. व्हॉल्व्हला जोडायची लांब नळी बसवली तर ते काम सोपे होते.

शेतातला अपवाद

कमी हवा सर्वत्रच वाईट, असा अर्थ मात्र घेऊ नये. आपल्याकडे लोखंडी धावेच्या बैलगाड्या जाऊन टायरच्या गाड्या आल्या, तेव्हा बैलांना सर्वाधिक सुख मिळाले ते शेतातल्या मऊ वाटेवर. अरुंद धाव काळ्या मातीत रुतत असे आणि बैलांची शक्ती चाकोरी उकरण्यातच जाई. रुंद टायर ओझे पसरवतो, म्हणून कमी रुततो. मऊ जमिनीत रबराच्या वाकण्यापेक्षा जमिनीचे दबणे जास्त शक्ती खाते. त्यामुळे ट्रॅक्टर नांगरटीला जातो तेव्हा मागच्या टायरात पुस्तिकेत सांगितलेल्या मर्यादेपर्यंत कमी ठेवलेली हवा फायद्याची ठरते : चाक कमी घसरते, डिझेल वाचते आणि कापसाची काळी जमीन कमी घट्ट होते. तोच ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्याने बाजार समितीत जायचा असेल तर हवा वाढवली पाहिजे, नाहीतर टायरच्या उंच पट्ट्या रस्त्यावर वळवळून झिजतात. रोज हवा बदलणे कोणाला जमत नाही हे मला माहीत आहे; पण नांगरटीचा हंगाम आणि वाहतुकीचा हंगाम यांत तरी एकदा फरक करणे शक्य आहे.

हवा मोजावी कशी?

टायर थंड असताना मोजावी. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली, किंवा फार तर दीड किलोमीटर चाललेली. खानदेशातल्या उन्हाळ्यात याचा व्यवहारी अर्थ सकाळी लवकर, ऊन टायरवर पडण्याआधी, असा घ्यावा. दक्षिणेकडे तोंड करून उभ्या गाडीच्या एका बाजूच्या टायरांत नुसत्या उन्हाने एक-दोन पीएसआय जास्त दिसतात. किती हवा ठेवायची तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत, आणि दुचाकीला चेनकव्हरजवळच्या पट्टीवर असतो. तिथे बहुधा दोन रकाने असतात, एक थोड्या ओझ्याचा आणि एक भरलेल्या गाडीचा. लग्नसराईत पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन कन्नडचा घाट चढणार असाल तर दुसरा रकाना पाहावा. टायरच्या भिंतीवरचा कमाल आकडा म्हणजे भरायचा आकडा नव्हे. ही गल्लत पुष्कळदा होते.

अडचण अशी, की हवा भरायची सोय घरापासून तीन-चार किलोमीटरवर असते आणि तिथे जाईपर्यंत टायर तापतो. यावर सोपा उपाय आहे. आपले स्वतःचे छोटे गेज घ्यावे, ते काही शे रुपयांत मिळते. पहाटे घरी मोजल्यावर एखाद्या टायरात २७ भरले, म्हणजे ३२ ला पाच कमी. पंपावर त्या टायराने २९ दाखवले तरी त्यात पाचच घालावेत आणि ३४ करून यावे. थंड झाल्यावर ते ३२ च्या आसपास येतात. पंपावरच्या काट्याची आणि आपल्या गेजची एकदा तुलना करून ठेवावी. दिवसभर आपटली जाणारी ती यंत्रे एकदोन पीएसआय चुकणे नवलाचे नाही. हवा भरून झाल्यावर व्हॉल्व्हचे टोपण आठवणीने लावावे, कारण आपल्याकडची बारीक धूळ व्हॉल्व्हमध्ये बसली की हवा हळूहळू गळत राहते.

नायट्रोजनविषयी नेहमी विचारले जाते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन रबरातून थोडा हळू झिरपतो आणि त्यात ओलावा नसतो, हे त्याचे खरे गुण आहेत. पण तो भरल्यावर मोजायची गरज नाही, असे समजून जे चार-चार महिने गेज लावत नाहीत, त्यांच्यापेक्षा महिन्यातून दोनदा साधी हवा पाहणारा माणूस नक्कीच पुढे असतो.

नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याचा दिवा लागतो, ही चांगली सोय आहे. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे हा इशारा हवा २५ टक्क्यांनी घटेपर्यंत मिळायलाच हवा, म्हणजे ३२ च्या टायरला २४ वर. ज्या गाडीत आकडा न दाखवता नुसता दिवाच लागतो, तिथे दिवा लागला नाही याचा अर्थ हवा बरोबर आहे असा नसतो. आपली हवा २६ वर असताना तो दिवा शांत असू शकतो, आणि वर केलेला झिजेचा सगळा हिशेब २६ चाच आहे.

राहिली स्टेपनी. आपल्याकडच्या नियमांत २०२० साली बदल झाला आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा व टायर दुरुस्तीचा संच असलेल्या लहान गाड्यांना स्टेपनीची सक्ती उरली नाही. पण बहुतेकांच्या डिकीत ती अजून आहे आणि तिच्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. त्या दिवशी पारोळ्याजवळ काकांनी पंक्चर काढून झाल्यावर माझ्या डिकीतले सामान बाजूला करून स्टेपनीला गेज लावले, तेव्हा काटा १४ वर थांबला. त्यांनी ती ३५ केली, आणि दर खेपेला चार चाकांबरोबर पाचवेही मोजत जा, असे बजावून पंक्चरचे तेवढेच पैसे घेतले.